आडवी पडलेली गाडी आधी उचलून पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४७, उंची पाच फूट पाच इंच, राहणे नाशिकला, गेली अनेक वर्षे हाताखाली होंडा युनिकॉर्न आणि तीही डांबरी रस्त्यावरच. मुले शिक्षणासाठी बाहेर पडली आहेत आणि कॉलेजपासून मनात असलेली हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्याची वारी आता मोटरसायकलने करायची आहे. डाव्या गुडघ्याला जुनी दुखापत आहे आणि एकट्याने जाऊ नये अशी घरच्यांची अट आहे. त्यासाठी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घ्यावी की हिरोची एक्सपल्स २००, एकट्याने जावे की गटाबरोबर, कोणत्या बाजूने आणि कोणत्या महिन्यात जावे, असे तुम्ही विचारले आहे. आणि शेवटी, काहीशा संकोचाने, पन्नाशीच्या उंबरठ्यावर लागलेला हा नाद पुढे टिकतो का, हेही विचारले आहे.

तुम्हाला आतापर्यंत मिळालेली बहुतेक उत्तरे इंजिनाच्या ताकदीभोवती फिरत आहेत. मी बरीच वर्षे सह्याद्रीत आणि हिमालयात मोटरसायकलवर फिरतो आहे आणि नवख्या चालकांना कच्च्या रस्त्यावर गाडी चालवायला शिकवतो. त्या अनुभवावरून मला वाटते की तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. निर्जन ठिकाणी, खडीत किंवा पाण्यात गाडी आडवी पडली आणि आसपास कोणीच नसले, तर ती तुम्हाला एकट्याने उभी करता येईल का? याचे उत्तर हाती आले की गाडी कोणती, सामान किती, सोबत कोण आणि रस्ता कोणता, हे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात.

डांबर संपले की गाडी कधी ना कधी पडतेच, हे आधी मान्य करून टाकावे. कच्च्या रस्त्यावर पडण्याचे प्रसंग सहसा वेगातले नसतात. वळणावर खडीत पुढचे चाक सरकते, चढावर इंजिन बंद पडते आणि पाय टेकायला जावे तिथे खळगा निघतो, किंवा नाल्यातल्या गोट्यावर चाक चढून गाडी कलते. अशा पडण्यात चालकाला फारसे लागत नाही, पण गाडी उचलण्यात त्याची ताकद खर्ची पडते, आणि दमलेला माणूस पुढच्या तासाभरात तीच गाडी पुन्हा पाडतो. मी पाहिलेल्या गंभीर दुखापती बहुधा दिवसाच्या उत्तरार्धात, अशा थकलेल्या चालकांना झालेल्या आहेत.

आता वजनाचा हिशोब मांडू. तुमची युनिकॉर्न साधारण १४० ते १४५ किलोची आहे. एक्सपल्स २०० ४व्ही सुमारे १६० किलोची, तर हिमालयन ४५० पेट्रोल धरून १९६ किलोची आहे. हिमालयनला लोखंडी फ्रेम आणि दोन पत्र्याच्या पेट्या लावल्या, त्यात कपडे, हत्यारे आणि पाणी भरले, की सहज ३० किलोंची भर पडते. एक्सपल्सवर कापडी बॅगा टाकून १५ किलोंत भागवले, तर दोन्ही गाड्यांमधला प्रत्यक्ष फरक ५० किलोंच्या आसपास जातो. आणि हे वजन तुम्हाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उचलायचे नसून ४,००० मीटर उंचीवर उचलायचे आहे, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो.

म्हणून गाडी घेण्यापूर्वी एक परीक्षा द्या. ज्या मित्राकडे किंवा परिचिताकडे यातली एखादी गाडी असेल, त्याच्या परवानगीने ती गवतावर किंवा जुन्या गादीवर हलकेच आडवी करा आणि उचलून पाहा. उचलण्याची रीत अशी. इंजिन आणि चावी बंद करा, गाडी पहिल्या गिअरमध्ये असू द्या, म्हणजे उभी होताना ती घरंगळणार नाही. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल, तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर जोर लावून उभी केलेली गाडी तोल जाऊन पलीकडे डावीकडे कोसळते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कंबरेखालचा भाग टेकवा, एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागची पकडपट्टी धरा, पाठ ताठ ठेवा आणि पायांनी रेटा देत छोटी छोटी पावले मागे टाकत जा. जोर मांड्यांतून आला पाहिजे. पाठीतून आला तर सहल तिथेच संपली असे समजा. उतारावर चाके वरच्या अंगाला असतील, तर गाडी आधी जमिनीवरच फिरवून चाके उताराच्या बाजूला आणावी लागतात. हे सगळे करण्यापूर्वी सामान उतरवायचे आणि दोन-तीन मिनिटे शांत बसायचे. घाईघाईने, लाजेपोटी गाडी लगेच उचलायला जाण्याची सवय शहरातून आलेली असते. डोंगरात ती सोडावी.

हे तीन वेळा ओळीने जमले आणि चौथ्यांदाही जमेल असे वाटले, तर ती गाडी तुमची. दोनदा करून हातपाय थरथरू लागले, तर ती कितीही देखणी असली तरी एकट्याच्या प्रवासासाठी तुमची नाही.

तुमचे वय, उंची आणि डाव्या गुडघ्याची जुनी दुखापत पाहता माझा कल स्पष्टपणे एक्सपल्सकडे आहे. तरीही काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. पत्नी मागे बसून येणार असतील, तर २०० सीसीचा विचार सोडून द्या. स्पिती आणि लाहौल यांच्यामधली कुंझुम खिंड सुमारे ४,५५० मीटरवर आहे आणि तिथे विरळ हवेमुळे इंजिनाची ताकद साधारण ४० टक्क्यांनी घटते. म्हणजे कागदावर १९ पीएस (अश्वशक्तीचे माप) असलेली एक्सपल्स तिथे अकरा-बाराची उरते आणि ४० पीएसची हिमालयन चोविसाची. फ्युएल इंजेक्शनमुळे पेट्रोल आणि हवेचे प्रमाण राखले जाते, जुन्या कार्बोरेटरसारखी गाडी काळा धूर सोडत गुदमरत नाही हे खरे, पण नसलेला ऑक्सिजन कोणतेही इंजेक्शन आणून देत नाही. एकटा माणूस आणि १५ किलो सामान घेऊन एक्सपल्स पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो चढ नीट चढते. दोघे बसले की तिची दमछाक होते आणि तुमचीही.

एक्सपल्सची दुसरी उणीव महामार्गावर जाणवते. नाशिक ते सिमला हे अंतर दीड हजार किलोमीटरहून अधिक आहे, आणि दिवसभर ऐंशीच्या वेगाने ट्रकांच्या रांगेतून जाणे हे कोणाच्याच स्वप्नातले साहस नसते. माझा सल्ला असा की गाडी रेल्वेच्या पार्सलने किंवा वाहतूकदाराकडून उत्तरेत पाठवून द्या. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, आणि गोणपाटात गुंडाळण्याआधी आरसे व इंडिकेटर काढून स्वतःजवळ ठेवलेले बरे. संपूर्ण अंतर चाकांवर कापण्याचा अभिमान ज्यांना हवा असेल त्यांनी तो जरूर मिळवावा. तुमच्याकडे रजा मोजकी असेल, तर ती मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या महामार्गांवर घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

रस्त्याच्या बाजूबद्दल मात्र मी आग्रही आहे. सिमला, नारकंडा, किन्नौर या वाटेने वर चढावे आणि कुंझुम ओलांडून मनालीच्या बाजूने उतरावे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीचा चढ टळतो, पण त्यामुळे माणूस काही तासांत थेट पलीकडच्या लाहौल खोऱ्यात पोहोचतो आणि त्याच दिवशी कुंझुम ओलांडून काझाला, स्पितीतल्या मुख्य गावी, म्हणजे ३,६५० मीटरच्याही वर, झोपतो. शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. गिर्यारोहण वैद्यकातला सर्वमान्य दंडक असा की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. किन्नौरची वाट हा दंडक पाळायला सोयीची आहे. नारकंडा २,७०० मीटर, कल्पा त्याहून थोडे वर, साधारण २,९५० मीटर. पुढे नाको ३,६०० मीटरच्या वर आहे, म्हणून तिथे दुपारचे जेवण घेऊन पुढे ताबोला मुक्काम करावा. ताबो सुमारे ३,२८० मीटरवर, म्हणजे नाकोपेक्षा खाली आहे. इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला तिथला मठ अंधाऱ्या गाभाऱ्यातल्या भित्तिचित्रांसाठी निवांत पाहण्यासारखा आहे, तेव्हा एक दिवस जास्त राहिलात तर तो वाया जात नाही. मग काझा.

डोके दुखणे, मळमळणे, जेवण नको वाटणे ही लक्षणे दिसली तर आणखी वर चढायचे नाही. चालताना झोक जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर रात्र असली तरी वाहन करून खाली उतरायचे, स्वतः गाडी चालवायची नाही. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या, विशेषतः सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर.

पेट्रोलची चिंता लोक गरजेपेक्षा जास्त करतात. किन्नौरमधल्या रेकाँगपिओच्या पायथ्याशी टाकी भरली की पुढे काझाला पंप आहे, आणि काझा ते मनाली सुमारे २०० किलोमीटर आहे. एक्सपल्सच्या १३ लिटरच्या टाकीत हे अंतर आरामात बसते. दोन लिटरची एक बाटली सोबत असू द्या; दोन्ही बाजूंना पाच-पाच लिटरचे कॅन लटकवून, केवळ छायाचित्रात शोभावेत म्हणून, साडेसात किलो वजन वाढवू नका.

महिना विचारलात तर गणपती विसर्जनानंतर निघून दसऱ्याच्या आसपास परत येण्याचा बेत करा. जुलै-ऑगस्टमध्ये स्पिती स्वतः पर्जन्यछायेत असली, तरी तिथे पोहोचण्याचा किन्नौरचा रस्ता पावसात असतो. ११ ऑगस्ट २०२१ रोजी याच रस्त्यावर निगुलसरीजवळ दरड कोसळून बस आणि इतर वाहने गाडली गेली, २८ माणसे दगावली. जूनमध्ये कुंझुम नुकतीच उघडलेली असते आणि नाल्यांना बर्फ वितळल्याचे पाणी भरपूर असते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाऊस ओसरतो, पाणी उतरते आणि आभाळ स्वच्छ होते. मात्र रात्रीचे तापमान शून्याखाली जाऊ लागते आणि ऑक्टोबर जसजसा पुढे सरकेल तसतशी कुंझुमची खात्री कमी होत जाते, म्हणून दोन दिवस राखीव ठेवल्याशिवाय परतीचे तिकीट काढू नये. हे राखीव दिवस नसले, की दरड बाजूला होण्याची वाट न पाहता माणूस संध्याकाळी अंधारात घाट उतरू लागतो.

नाल्यांविषयी सविस्तर लिहितो, कारण लोसर हे स्पितीच्या बाजूचे खिंडीआधीचे शेवटचे गाव सोडून कुंझुम ओलांडली की बातल ते ग्राम्फू हा पट्टा तुमच्यासारख्या डांबरावर वाढलेल्या चालकाची खरी कसोटी पाहतो. सीमा सडक संघटना रस्ता सुधारत असते, तेव्हा दरवर्षी त्याचे रूप बदलते; पण हिमनद्यांचे पाणी आपल्या नियमानेच चालते. पहाटे ते सर्वांत कमी असते, ऊन चढले की बर्फ वितळू लागतो आणि दुपारनंतर तोच नाला दुप्पट जोराने वाहतो. म्हणून लोसरहून उजाडताच निघावे.

नाल्याशी पोहोचल्यावर गाडी उभी करून आधी इतर वाहने कुठून जातात ते पाहा. कोणी नसेल तर बूट घालूनच पायी उतरून तळ चाचपा. जिथे पाणी पसरट होऊन वर बारीक लाटा उठतात तिथे ते उथळ असते. जिथे पृष्ठभाग गुळगुळीत आणि गडद दिसतो तिथे खोल असते. पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा उभे राहताना पाय टिकत नसतील, तर गाडी घालू नका. ट्रक येईपर्यंत थांबा किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे या. ओलांडताना पहिला गिअर, क्लच अर्धवट, थ्रॉटल एकसारखा आणि नजर पलीकडच्या काठावर ठेवायची. चाकाखालच्या गोट्याकडे पाहिले की गाडी त्याच्यावरच जाते. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवण्याच्या दांड्यांवर, उभे राहून जाण्याचा सराव असेल तर उत्तम, नसेल तर दोन्ही पायांनी टेकत टेकत गेलात तरी कोणी हसणार नाही. मध्येच पुढचा ब्रेक दाबायचा नाही.

आणि गाडी पाण्यात पडलीच, तर किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण) तत्काळ दाबा. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल आणि तुम्ही स्टार्टर मारला, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी काठावर आणून स्पार्क प्लग काढायचा, स्टार्टर थोडा थोडा फिरवून आतले पाणी बाहेर उडवायचे, फिल्टर वाळवायचा आणि मगच प्लग बसवून गाडी चालू करायची. यासाठी लागणारा प्लग पाना सोबत असलाच पाहिजे, आणि तो एकदा घरी वापरून पाहिलेला असला पाहिजे. पंक्चरचेही तेच. ट्यूबचे टायर असल्याने दोन टायर लिव्हर, हातपंप, ठिगळे आणि पुढच्या चाकाची एक ट्यूब न्यावी; २१ इंची ट्यूब अडचणीच्या वेळी मागच्या १८ इंची चाकातही तात्पुरती घालता येते.

एकट्याने जावे का? घरच्यांची अट तुम्ही लिहिली आहे आणि मला ती रास्त वाटते, पण तिच्यासाठी मोठ्या गटात सामील होण्याची गरज नाही. मोठ्या गटात तुमचा वेग दुसरा कोणी ठरवतो, आणि मागे पडण्याच्या भीतीने नवखा माणूस आपल्या कुवतीबाहेर चालवतो. मला दोघांची जोडी सर्वांत योग्य वाटते. पडलेली गाडी दोघांत उचलली की निम्मा प्रश्न मिटतो. जोडीदार मिळालाच नाही, तर किन्नौर ते काझा एकट्याने जाण्यात मोठी अडचण नाही, कारण ती वाट वस्तीतून जाते. काझात पोहोचल्यावर मुक्कामाच्या ठिकाणी किंवा पेट्रोल पंपावर कुंझुमकडे निघालेले इतर चालक भेटतात. त्या एका दिवसापुरते कोणाच्या तरी बरोबर निघा, आणि निघण्याची वेळ मुक्कामाच्या जागेच्या मालकाला सांगून ठेवा. लोसर सोडल्यावर बराच वेळ फोनला नेटवर्क नसते, हे घरी आधीच बजावून ठेवावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत फोन लागला नाही तरी तिकडे रडारड होणार नाही. यावर उपाय म्हणून कोणी परदेशातून सॅटेलाइट फोन किंवा तसा संदेशयंत्र आणायला सुचवले, तर नकार द्या. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ही उपकरणे भारतात बाळगणे बेकायदेशीर आहे आणि सीमेजवळच्या जिल्ह्यात ते महागात पडते.

इथवरचे सांगणे एकत्र करायचे तर हलकी गाडी, कापडी बॅगा, किन्नौरकडून चढाई, सप्टेंबरचा उत्तरार्ध, आणि शेवटच्या कठीण पट्ट्यात सोबत. पण हे सगळे सरावाशिवाय व्यर्थ आहे, आणि सरावासाठी नाशिकइतकी सोयीची जागा दुसरी शोधूनही मिळायची नाही. आधी एखाद्या मोकळ्या मुरमाड मैदानात आठाचा आकडा गिरवा, पायी चालण्याच्या वेगाने, पाय न टेकवता. मग मागचा ब्रेक मुद्दाम लॉक करून गाडी मुरमावर कशी घसरते हे अंगवळणी पाडा. त्यानंतर हरसूल-जव्हारकडचे रस्ते, सुरगाण्याचे घाट, घोटीवरून भंडारदरा-घाटघर, असे टप्प्याटप्प्याने वाढवत जा. पावसाळ्यात गेलात तर चिखल, धुके आणि ओल्या दगडाचा अनुभव फुकट मिळतो. एक पथ्य पाळा. भंडारदरा-घाटघरचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा असलेली वाट सोडून गाडी घालू नका. सड्यावरची आणि कुरणातली माती बोटभर जाडीची असते; तिथे ओल्या दिवसांत उमटलेली चाकोरी पुढच्या पावसात ओघळ होते. स्पितीतही हेच. कुंझुमजवळचे चंद्रताल तळे २००५ पासून रामसर यादीतले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे, पाणथळ क्षेत्र आहे, वाहने तळ्यापासून अलीकडेच थांबवतात, तिथून पायीच जावे.

राहिला टिकण्याचा प्रश्न. माझ्या ओळखीत साठी ओलांडून कच्च्या रस्त्यावर चालवणारी माणसे आहेत आणि पंचेचाळिशीत गाडी विकून मोकळी झालेलीही आहेत. टिकलेल्यांमध्ये मला सारखेपणा दिसतो तो हा की त्यांनी वयाबरोबर गाडीचे वजन आणि दिवसाचे अंतर दोन्ही कमी केले. मीही जड गाडीवरून हलक्या गाडीवर आलो आहे आणि स्पितीत दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर सहसा जात नाही; दुपारी दोनला मुक्कामी पोहोचले की उरलेला दिवस पायी हिंडायला मिळतो, आणि अशा ठिकाणी खरे पाहणे पायीच होते. तुमच्या बाबतीत गुडघा हाच कळीचा भाग आहे. फूटपेगवर उभे राहून चालवण्याचा भार त्याच्यावर येतो आणि गाडी उचलण्याचाही. गाडीची चौकशी करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून या, घोट्याच्या वर जाणारे टणक बूट आणि नीगार्ड यांचे पैसे गाडीच्या बजेटमध्येच धरा, आणि ती उचलण्याची परीक्षा कशी झाली ते इथे कळवा. ती पाहून टायर आणि हँडलच्या उंचीबद्दल पुढचे सांगता येईल.